बुडबुड्याचं प्रॅक्टिकल

व्हेंच्युरीमीटर म्हणजे पाईप मधेच अरुंद करून, तिथे घटणाऱ्या दाबावरून पाण्याचा प्रवाह मोजणारं उपकरण. त्याचं प्रॅक्टिकल वेळापत्रकात दोन तासांचं असतं. त्यातला दीड तास मॅनोमीटरमधली, म्हणजे दाबातला तो फरक दाखवणाऱ्या नळीतली, हवा काढण्यात जातो, वीस मिनिटं ती खरंच गेली का यावर वाद घालण्यात जातात आणि उरलेल्या दहा मिनिटांत सहा रीडिंगं उरकतात. पॉलिटेक्निक असो की इंजिनिअरिंग कॉलेज, सिव्हिल असो की मेकॅनिकल, हा हिशेब सहसा चुकत नाही.

खरं म्हणजे मॅनोमीटरमध्ये बिघडण्यासारखं काही नाहीच. काचेची नळी यू आकारात वाकवून फळीवर बसवलेली, तळाला पारा, मागे मिलिमीटरची पट्टी. स्प्रिंग नाही, दातेरी चाक नाही, सेल नाही. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८४९ साली पेटंट घेतलेला तो गोल तबकडीचा गेज एकदा हातातून पडला की त्याचा काटा कायमचा थापा मारू लागतो, आणि मारतोय हे त्याच्या तोंडावर दिसतही नाही. मॅनोमीटरला थाप मारता येत नाही. दोन बाजूंच्या दाबांत जेवढा फरक, तेवढ्या उंचीचा स्तंभ. घनता, गुरुत्वाकर्षण आणि फूटपट्टी, एवढ्यावर त्याचा संसार. माझं स्पष्ट मत असं, की लॅबमधल्या सगळ्या उपकरणांत विश्वास ठेवावा असं हे एकच. लोचा त्याच्यात नसतोच. पाईपपासून त्याच्यापर्यंत दाबाची बातमी आणणाऱ्या ज्या दोन नळ्या असतात, तिथे सगळं घोडं अडतं.

त्याआधी पाऱ्याबद्दल, कारण ‘सर, पाणीच का नाही वापरत?’ हा प्रश्न दर बॅचमध्ये निदान एकदा येतो. प्रश्न रास्त आहे. हवेचा दाब पाण्याने मोजायचा तर १०.३३ मीटर उंच स्तंभ लागतो, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून रीडिंग घ्यायचं. रोममध्ये गास्पारो बेर्तीने खरोखरच घराच्या भिंतीला तेवढी उंच शिशाची नळी उभी केली होती. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. पुढे १६४३-४४ मध्ये टॉरिचेल्लीच्या प्रयोगात पाण्याऐवजी पारा आला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून १०.३३ मीटरचे ७६ सेंटिमीटर झाले आणि भौतिकशास्त्र गॅलरीतून टेबलावर उतरलं. उंचीवर गेलं की हवेचा दाब घटतो का, हे पाहण्याची कल्पना पास्कालची. प्रयोग झाला १९ सप्टेंबर १६४८ रोजी, प्वी द डोम या डोंगरावर. पण पारा, नळ्या वगैरे घेऊन डोंगर चढला तो पास्काल नव्हे, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा फ्लोरँ पेरिए. दाजींना कामाला लावून श्रेय स्वतःच्या नावावर करून घेण्याची ही परंपरा अशी जुनी आहे.

यावरून एका गोष्टीची आठवण करून देतो. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तिथल्या लॅबच्या भिंतीवरच्या बॅरोमीटरमध्ये पारा ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. महाबळेश्वरला न्याल तर ६४५ च्या जवळ. तरीही पुण्यातल्या हरेक जर्नलमध्ये ‘वातावरणाचा दाब = ७६० मिमी पारा’ हे वाक्य सुवाच्य अक्षरात असतं. भिंतीवरचं उपकरण ७१० म्हणतंय, त्याच्याखाली बसून वहीत ७६० लिहिलं जातंय, आणि दोघांनाही एकमेकांचा त्रास होत नाही. गणितातला निरपेक्ष दाब काढताना हा पन्नास मिलिमीटरचा फरक, म्हणजे पाण्याचे जवळजवळ सत्तर सेंटिमीटर, कुठे जातो कोण जाणे.

असो. आता नळ्यांकडे येऊ.

बाकावरची मांडणी ठरलेली असते. खाली संप, बाजूला मोनोब्लॉक पंप, वर आडवा पाईप, त्यात व्हेंच्युरी. ४० मिलिमीटरचा पाईप आणि २० मिलिमीटरचा थ्रोट, म्हणजे मधला अरुंद गळा, आहे असं धरून चालू. पाईपवर एक टॅपिंग, म्हणजे दाब घेण्याचं भोक, थ्रोटवर दुसरं. दोन्हींना छोटे कॉक. तिथून दोन नळ्या मॅनोमीटरच्या दोन भुजांच्या डोक्यावर. डोक्यावर हवा सोडायचे दोन कॉक, आणि बनवणारा शहाणा असेल तर दोन्ही भुजांना जोडणारा मधला तिसरा कॉक. पाण्याच्या आडव्या पाईपवर टॅपिंग कुशीला असावं. माथ्यावर असेल तर पाईपमधली सगळी हवा नळीत चढते, तळाला असेल तर गंज आणि गाळ. ज्याने माथ्यावर भोक पाडलं त्याला स्वतःला हे प्रॅक्टिकल कधी करावं लागलेलं नसतं.

नळ्यांत टोकापासून टोकापर्यंत फक्त पाणी हवं. मॅनोमीटरचं सारं गणित या एका अटीवर उभं आहे आणि नेमकी हीच अट पाळली जात नाही. कारण साधं आहे: आधीच्या बॅचने चहाच्या घाईत कॉक उघडे ठेवून पंप बंद केलेला असतो. पंप थांबला की पाईपमधलं पाणी संपात परत उतरतं, त्याच्यामागे नळ्यांतलंही ओढलं जातं आणि त्या जागी हवा शिरते. पुढच्या बॅचला हा वारसा जसाच्या तसा मिळतो.

हवा काढण्याची रीत अशी. सगळे कॉक बंद, बायपास उघडा, पंप चालू. मग पुढचा व्हॉल्व्ह उघडून पाईप भरून वाहू द्यायचा. मधला कॉक आधी उघडायचा, म्हणजे दोन्ही भुजांवर दाब सारखा राहतो आणि पारा जागचा हलत नाही. मग टॅपिंगचे दोन्ही कॉक, आणि शेवटी वरचे दोन हवेचे. पाणी फुर्र फुर्र करत बाहेर पडतं, आधी फेसाळ, मग धार. धार एकसंध झाली की हवा गेली असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात धार एकसंध होते आणि एक बुडबुडा राहतोच. नळीला मधेच जिथे उंचवटा आला असेल, त्या उंचवट्यावर तो लग्नात रुसून बसलेल्या व्याह्यासारखा ठाण मांडतो. चार जणांनी विनवण्या केल्या की इंचभर सरकतो, आणि सगळ्यांची पाठ वळली की परत जागेवर.

त्याला उठवायचा उपाय रागावणं नाही. नळी टॅपिंगपासून हवेच्या कॉकपर्यंत सतत चढती राहील अशी धरायची. मधे झोळी नाही, कमान नाही. मग बोटांनी चिमटत, टिचक्या मारत त्याला वर ढकलायचं आणि हवेचा कॉक सोडायचा. नळी गरजेपेक्षा दोन हात लांब ठेवून गुंडाळी करून खिळ्याला अडकवलेली असेल, तर आधी ती कापा. त्या गुंडाळीच्या प्रत्येक वेढ्यात एकेक पाहुणा असतो.

‘एवढासा बुडबुडा, त्याने काय होतंय?’ हिशेब करू. नळीचा पूर्ण घेर अडवून बसलेला पाच सेंटिमीटर लांबीचा बुडबुडा उभ्या भागात आहे. म्हणजे त्या बाजूला पाच सेंटिमीटर पाणी कमी. पाण्याखालच्या पाऱ्यात त्याचे ५० भागिले १२.६ (१३.६ का नाही, ते पुढे येईल), साधारण ४ मिलिमीटर होतात. रीडिंग ४० मिलिमीटरचं असेल तर दहा टक्के चूक. प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून तिथे पाच टक्के. बुडबुड्याने रीडिंग कमी दाखवलं, तर खरा सी-डी, म्हणजे टाकीत मोजलेला प्रत्यक्ष प्रवाह भागिले सूत्राने आलेला प्रवाह, ०.९७ असताना हातात १.०२ येतो. म्हणजे पाईपमधून जेवढं पाणी जाऊ शकतं त्यापेक्षा जास्त टाकीत पडलं. महाराष्ट्राचा पाणीप्रश्न या बुडबुड्याने सुटला असता, पण दुर्दैवाने तो फक्त वहीत सुटतो.

त्यातही गंमत आहे. तोच बुडबुडा नळीच्या आडव्या भागात असेल तर रीडिंगला काही होत नाही, कारण उंची बदललेलीच नाही. दोन्ही नळ्यांत सारखेच, सारख्या उंचीचे बुडबुडे असतील तरी चुका एकमेकींना खातात. पण दोन बुडबुड्यांत असं एकमत होणं दुर्मीळ.

हवा गेली की नाही हे ठरवायला वाद नको, एक परीक्षा पुरे. पंप चालू ठेवून पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. प्रवाह शून्य, म्हणजे दोन्ही टॅपिंगवर दाब सारखा, म्हणजे पारा दोन्हीकडे एका पातळीत यायलाच हवा. नसेल तर हवा आहे, पुन्हा सुरुवात. हे एका मिनिटाचं काम आहे आणि ते कोणीही करत नाही. बांधकामावरचा गवंडी मात्र करतो. पारदर्शक नळीत पाणी भरून तो खांबावर लेव्हल मारायला निघतो, तेव्हा आधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का बघतो. नाही आलं तर नळी झटकतो. त्याच्याकडे डिप्लोमा नाही, पण स्लॅब त्याचाच सरळ येतो.

मधला कॉक नसेल तर टॅपिंगचे दोन्ही कॉक दोन हातांनी एकाच वेळी, सावकाश उघडायचे. यात हिरोगिरी करायची नाही. पंपाचा हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीत सांगितलेला दाब, १२ मीटर धरा. एका बाजूचा कॉक पूर्ण उघडला आणि दुसरीकडचा हवेचा कॉक उघडा राहिला, तर पाऱ्याला दोन भुजांत नव्वदएक सेंटिमीटरचा फरक दाखवावासा वाटतो. पट्टी आहे मधल्या शून्यापासून वर-खाली पंचवीस पंचवीस सेंटिमीटरची. उरलेला पारा कुठे दाखवणार? वरच्या कॉकमधून बाहेर, फरशीवर. किंवा पाण्याबरोबर संपात, जिथून तो कधीच परत येत नाही.

फरशीवर सांडलेला पारा सुंदर दिसतो आणि अजिबात सुंदर नाही. सहा मिलिमीटर भोकाच्या नळीत साठ सेंटिमीटर पारा म्हणजे सुमारे सतरा घनसेंटिमीटर, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे. तो शेकडो गोळ्यांत फुटून बाकाखाली पळतो आणि तिथून गुपचूप वाफ सोडत राहतो. केरसुणी लावायची नाही. केरसुणीने एकाच्या दहा गोळ्या होतात. बोटातली सोन्याची अंगठी आधी काढून ठेवायची, पारा सोन्यात मिसळून ती पांढरी पडते, आणि मग घरी वेगळं प्रॅक्टिकल होतं. खिडक्या उघडायच्या, दोन जाड कागदांनी गोळ्या एकत्र लोटायच्या, ड्रॉपरने उचलून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवायच्या, फटीत राहिलेल्यांवर गंधकाची भुकटी टाकायची. पाऱ्याच्या वापरावर लगाम घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला, आणि डॉक्टरांकडचं पाऱ्याचं बीपी मशीन त्यानंतर हळूहळू दिसेनासं झालं. कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र पारा अजून टिकून आहे. डेड-स्टॉक रजिस्टरमधून एखादी वस्तू काढून टाकणं कराराइतकं सोपं नसतं.

एवढं सगळं पार पडलं की मग रीडिंग. पारा काचेला चिकटत नाही, त्याचा माथा फुगीर असतो, म्हणून फुगवट्याच्या शेंड्यावर वाचायचं. पाण्याचा खोलगट, तिथे तळाला. डोळा पाऱ्याच्या पातळीत हवा. बाकापेक्षा फूटभर उंच असलेला विद्यार्थी वाकत नाही आणि बुटका टाचा उंचावत नाही, त्यामुळे एकाच पाऱ्याची दोघांची दोन रीडिंगं येतात आणि वहीत त्यांची सरासरी जाते. प्रवाह खळबळता असला की पारा नाचतो. कॉक थोडे आवळून तो शांत करता येतो, दोन्ही सारखेच. मळलेला पारा काचेवर डाग सोडत अडखळतो, त्याला वाचण्यापूर्वी नळीवर एक हलकी टिचकी.

शून्य मध्यावर असलेल्या पट्टीवर डावा ५० ने उतरला आणि उजवा ५० ने चढला तर फरक १००. हे बोलून दाखवावं लागेल असं वाटत नाही, पण लागतं. एकच बाजू लिहिली की सी-डी १.३७ येतो. तो १.३७ चार जणांच्या वह्यांत पोचेपर्यंत कोणालाही खटकत नाही.

मग १२.६ की १३.६. पाऱ्याच्या वर दोन्ही भुजांत पाणीच भरलेलं आहे. एका बाजूला जेवढा पारा चढला तेवढंच पाणी दुसऱ्या बाजूला आलं, त्याचं वजन वजा करायला हवं. म्हणून १३.६ उणे १, म्हणजे १२.६. फरक १०० मिलिमीटर असेल तर हेड १.२६ मीटर, आणि आपल्या ४०-२० च्या व्हेंच्युरीत सैद्धांतिक प्रवाह सेकंदाला १.६१ लिटर. १३.६ लावलं तर सुमारे चार टक्के जास्त. हवेच्या डक्टवर मॅनोमीटर लावला असेल तिथे मात्र १३.६ बरोबर, कारण हवेचं वजन धरण्याइतकं नसतं. हे ज्याला उमगलं त्याचा अर्धा विषय झाला. बाकीचे ‘सूत्रात १२.६ आहे’ एवढ्या श्रद्धेवर पास होतात. श्रद्धेनेही पास होता येतं, याबद्दल माझी तक्रार नाही.

एवढी काटेकोरी पाऱ्याकडून घेतल्यावर प्रत्यक्ष प्रवाह मोजतात तो ४० बाय ४० सेंटिमीटरच्या टाकीत, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर. दहा सेंटिमीटर पाणी चढायला लागतात जेमतेम दहा सेकंद. ‘स्टार्ट’ म्हणणारा एक, बटण दाबणारा दुसरा, आणि दुसऱ्याला तेवढ्यात मेसेज आलेला. अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की पाच टक्के गेले. पाणी वीस-तीस सेंटिमीटर चढू द्या.

दाब फारच कमी असेल तर पारा निरुपयोगी. घरातल्या गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून बाहेर येणारा दाब सुमारे ३० सेंटिमीटर पाणी, पाऱ्यात तो २२ मिलिमीटर. तिथे पाण्याची यू-ट्यूबच बरी. पंख्याच्या डक्टमध्ये तर ५ मिलिमीटर पाणी. मग नळी तिरपी करतात. एकास दहाच्या चढावर पाच मिलिमीटरचे पन्नास दिसतात. फक्त हा चढ पावणेसहा अंशांचा असतो, आणि बाक एक अंशाने कलता असला की रीडिंगमध्ये सतराएक टक्क्यांची तफावत. म्हणून त्या उपकरणाला स्पिरिट लेव्हल आणि पायांना स्क्रू दिलेले असतात. स्क्रू गंजलेले असतात. चौथ्या पायाखाली घडी केलेला कागद असतो.

कागदावरच्या गणितांबद्दल फार बोलत नाही. एका टोकापासून निघा, खाली उतरताना मिळवा, वर चढताना वजा करा, प्रत्येक द्रवाची उंची त्याच्या विशिष्ट गुरुत्वाने, म्हणजे तो पाण्याच्या किती पट जड त्याने, गुणा. पाईपमध्ये ०.९ चं तेल, पाऱ्याची खालची पातळी पाईपच्या मध्यापासून १२ सेंटिमीटर खाली, पाऱ्याचा फरक २० सेंटिमीटर, दुसरं टोक हवेला उघडं. २.७२ उणे ०.१०८, म्हणजे २.६१२ मीटर पाणी, २५.६ किलोपास्कल. सापळा एकच: एका पातळीत आहे म्हणून दाब सारखा, असं तेव्हाच म्हणता येतं जेव्हा त्या दोन बिंदूंमध्ये तोच द्रव सलग आहे. पेपर काढणारे हे ओळखून असतात. ते तीन द्रव घालतात, एक पाईप उंचावर नेतात, आकृती मुद्दाम लहान छापतात. आणि उत्तर ऋण आलं की ते निर्वात आहे हे लक्षात न घेता वजाचं चिन्ह खोडरबराने पुसणारे दरवर्षी भेटतात.

ओरलला एक्स्टर्नलचा, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाचा, आवडता प्रश्न: ‘नळी जाड घेतली तर रीडिंग बदलेल का?’ नाही बदलणार, उंची दाबावर ठरते, नळीच्या पोटावर नाही. फक्त फारच बारीक असेल, तर केशाकर्षणामुळे पारा थोडा खाली दबतो. दुसरा प्रश्न: ‘बंद करताना आधी काय?’ आधी मधला कॉक उघडा, मग टॅपिंगचे कॉक बंद, मग व्हॉल्व्ह, मग पंप. याचं उत्तर सगळे अचूक देतात, आणि चहाला जाताना सरळ मेन स्विच पाडतात.

राहता राहिलं जर्नल. तिथे रीडिंगवरून सी-डी काढत नाहीत, सी-डीवरून रीडिंग काढतात. गेल्या वर्षीच्या वहीतला ०.९७ धरून मागे मागे येत पाऱ्याचा फरक बसवतात. अशी वही ओळखायला दोन सेकंद लागतात. एक तर सहाही प्रवाहांना सी-डी ०.९७० येतो, जेव्हा प्रवाह बराच कमी केला की तो खाली यायला हवा. आणि दुसरं म्हणजे पट्टीवर मिलिमीटरच्या आत एकही खूण नसताना कॉलममध्ये ४३.७२ लिहिलेलं असतं.